साडेपाचशे वॅट

एक लाख ऐंशी हजार पेसो.
आकडा ऐकून हुरळू नका,
आमच्या देशात शून्यं स्वस्त आहेत.
सेंतोया खेकड्याच्या हंगामातले, जादा पाळीचे हे पैसे.
त्याचे काटे हातमोज्यातून आत येतात,
माउस धरला की पेरं अजून ठणकतात.

पुंता आरेनासला ऑगस्टात
वारा पत्र्यावर रात्रभर काहीतरी शोधत असतो.
मी वहीत मांडत बसते:
ग्राफिक्स कार्ड घेतलं तर प्रोसेसर मागे पडेल,
प्रोसेसर घेतला तर मदरबोर्ड बदला,
मदरबोर्ड बदलला की जुनी रॅम बसत नाही,
म्हणजे एक खिळा हवा म्हणून
सुताराला अख्खी भिंत विकत घ्यायला लावल्यासारखं.
सगळी सोंगं आणता येतात,
पैशाचं येत नाही.
वहीचं पान खोडून खोडून भोक पडलं.

खरं दुखणं वेगळंच होतं.
धाकटा एलिसेओ साल्मनच्या तराफ्यावर असतो,
चौदा दिवस पाण्यात, सात दिवस घरी नतालेसला.
त्या सात रात्रीच आम्ही खेळतो.
आणि नेमकं पुलावर,
समोरून दोन्हीकडून गोळ्या येत असताना,
माझा कॉम्प्युटर काही न बोलता विझतो.
पुन्हा चालू होईतो तो मेलेला असतो.
'कार्ड गेलं तुझं,' म्हणतो तो,
रागावत नाही, हेच वाईट.

शनिवारी अख्खा डबा ब्लँकेटमध्ये गुंडाळला
आणि बसमध्ये मांडीवर घेऊन
करमाफीच्या बाजारात गेले, म्लादिनिचबाईंकडे.
काचेआड तीन पंख्यांचं कार्ड होतं,
दोन लाख नव्वद हजार.
त्याच्याकडे मी पाहिलं
जसं लग्नातल्या दुसऱ्यांच्या नवऱ्याकडे पाहतात,
आणि नजर वळवली.

बाईंनी झाकण काढलं. धूळ फुंकली नाही,
आधी वास घेतला, मागच्या कोपऱ्याचा,
मासा ताजा आहे का बघतात तसा.
मग तारा जोडल्या, खेळ लावला,
आणि विझेपर्यंत वाट पाहिली.
सोळा मिनिटं. तोवर मातेचा एक घोट मला, एक त्यांना.
'कार्ड ठणठणीत आहे,' म्हणाल्या,
'उपाशी आहे बिचारं.
वीज देणारा हा डबा म्हातारा झालाय.'

पॉवर सप्लाय.
वहीत त्याची ओळसुद्धा नव्हती.
त्याला दिवे नाहीत, पंखा दिसत नाही,
त्याचा फोटो कुणी कुणाला पाठवत नाही.
साडेपाचशे वॅट, बासष्ट हजार पेसो.
बाई मला दुप्पट किमतीचं काहीही विकू शकल्या असत्या,
मी घेतलंही असतं, आनंदाने.

उरले एक लाख अठरा हजार.
वाटेत जहाजांच्या सामानाच्या दुकानात थांबले,
जाड रबरी हातमोजे घेतले, आत लोकर असलेले.
कारखाना देतो ते कागदाचे भाऊ आहेत.
चार हंगाम मी तेच घालतेय,
आणि वहीत लिहिते प्रोसेसर.

रात्री लावलं सगळं.
काही वेगवान झालं नाही.
तेच चाळीस-एक फ्रेम्स, गवत तसंच पुठ्ठ्याचं,
दूरचे डोंगर उशिरा उगवणारे.
एलिसेओ विचारतो, 'काय नवीन घेतलंस? दिसत तर नाही.'
'नाहीच दिसत.'

पूल आला.
तो सवयीने कठड्याआड थांबला,
बंदूक खाली,
मी नाहीशी होण्याची वाट बघत.
बाहेर वाऱ्याने कुणाची तरी बादली गल्लीभर नेली.
एक मिनिट. दोन.
'अगं, आहेस?'
'आहे. उठ आता, डावीकडून ये.'